चुकलेल्या उत्तराची कैफियत

माघ-फाल्गुन लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील भाषेच्या तासांचे स्वरूप पालटते. पाठ्यपुस्तक मिटले जाते, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा कपाटातून बाहेर निघतो आणि ‘उतारे सोडवून घेणे’ या नावाचा वार्षिक विधी सुरू होतो. उतारा वाचावा, प्रश्न विचारावेत, कोणी तरी हुशार मुलाने उत्तर सांगावे, बाकीच्यांनी ते उतरून घ्यावे आणि घंटा होण्यापूर्वी पुढील उताऱ्यास हात घालावा, असा त्याचा क्रम असतो. केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशासाठी 2022 पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली, आणि तिच्या भाषेच्या पत्रिकेत, जी मराठीसह 13 भाषांतून देता येते, अपरिचित उताऱ्याच्या आकलनास प्रमुख स्थान मिळाले. तेव्हापासून तर या विधीस नवीनच प्रतिष्ठा लाभली आहे. 2025 पासूनच्या नियमाप्रमाणे या पत्रिकेत 50 प्रश्न आणि 60 मिनिटे, म्हणजे वाचनाचा वेळ धरून दर प्रश्नास 72 सेकंद पडतात. एवढ्या तुटपुंज्या मुदतीसाठी विद्यार्थ्याची तयारी करून घ्यावयाची, तर जितके अधिक उतारे तितके बरे, असे शिक्षकास वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांस मात्र ते मान्य नाही.

कारण बरोबर आलेल्या उत्तरावरून विद्यार्थ्यास उतारा कळला, की चार पर्यायांतून नशिबाने एक हाती लागला, याचा काहीच उलगडा होत नाही. त्याचे मन कोणत्या वाटेने गेले याचा खरा पुरावा चुकलेल्या उत्तरात असतो, आणि आपण नेमका तोच पुरावा तांबड्या शाईने खोडून टाकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1917 मध्ये, परिच्छेद वाचताना मुले कोणत्या चुका करतात याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. शाळेतील हजेरीच्या नियमासंबंधी एक साधा परिच्छेद आणि त्यावरील प्रश्न, एवढीच त्यांची सामग्री होती. मुलांची विचित्र वाटणारी उत्तरे हसून सोडून न देता त्यांनी ती एकेक करून तपासली, आणि परिच्छेदातील एखाद्या शब्दास मूल वाजवीपेक्षा अधिक वजन देते, दुसऱ्यास मुळीच देत नाही, त्यातून अर्थाचा तोल जातो, असा निष्कर्ष काढला. परिच्छेद समजणे हे त्यांच्या मते गणितातील उदाहरण सोडविण्यासारखेच विचाराचे काम होते. या प्रतिपादनास शतक उलटून गेले, पण आमच्या वर्गांत त्याचा अंमल अद्याप व्हावयाचा आहे.

एक दाखला आम्हीच रचून देतो. ‘ज्या खातेदारांनी पूर्वीची तगाई फेडली नसेल त्यांखेरीज इतरांस बियाणे उधारीवर देण्यास हरकत नाही, मात्र ज्यांची जमीन पाटाखाली आली आहे, त्यांनी अर्जासोबत पाटबंधारे खात्याचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही.’ आता प्रश्न असा, की तगाई फेडलेल्या, पण जमीन पाटाखाली असलेल्या खातेदारास बियाणे मिळेल काय? ‘मिळेल’ एवढेच सांगणारा विद्यार्थी पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबला आहे. ‘मिळणार नाही’ म्हणणारा शेवटपर्यंत गेला खरा, पण शेवटच्या नकाराने भारावून जाऊन ‘जोडल्याशिवाय’ ही अट त्याच्या नजरेतून निसटली. ‘त्यास तगाई मिळेल’ असे लिहिणाऱ्याने सर्वांत ठळक शब्द उचलला आणि बाकीचे वाक्य स्वतःच्या कल्पनेने भरून काढले. दाखला जोडल्यास मिळेल, हे योग्य उत्तर फळ्यावर लिहून आपण तिघांनाही एकच औषध पाजतो. वस्तुतः तिघांचे दुखणे निराळे आहे. पहिल्यास वाक्य संपेपर्यंत धीर धरण्याची सवय लावली पाहिजे, दुसऱ्याकडून ‘खेरीज’, ‘शिवाय’, ‘मात्र’, ‘अन्यथा’ अशा अव्ययांनी बांधलेली वाक्ये सुटी करून घेतली पाहिजेत, आणि तिसऱ्याला प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातील आधाराची ओळ दाखविण्याची सक्ती केली पाहिजे. याहून किती तरी प्रकार आहेत. ते शोधणे हेच आपले काम.

म्हणून आमची सूचना अशी, की एका तासास एकच उतारा घ्यावा आणि ज्याचे उत्तर चुकले त्यास प्रथम बोलू द्यावे. त्याने आपली कैफियत पुरी मांडीपर्यंत शिक्षकाने दुरुस्ती करू नये. ऐंशी-शंभरांच्या वर्गात हे कसे साधावे, अशी शंका कोणी घेईल आणि ती रास्तही आहे. तेथे एकाच प्रश्नापुरती, ‘मी हे उत्तर का निवडले’ एवढी दोन ओळींची नोंद सर्वांकडून लेखी घ्यावी. चुकलेल्या नोंदी तेवढ्या वाचावयास फार वेळ लागत नाही.

चुकीची भीती मुलांच्या मनातून घालविण्याचे आणखीही एक कारण आहे. सीयूईटीत बरोबर उत्तरास 5 गुण मिळतात आणि चुकीस 1 वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली तरी सरासरीने दर प्रश्नामागे अर्धा गुण पदरात पडतो. तरीही ‘खात्री नसेल तर कोरे सोडा’ हा उपदेश वर्गावर्गांतून चालूच आहे. तो करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पडताळून पाहावा.

सराव पत्रिका काढणाऱ्यांसही दोन शब्द. अमेरिकेतील एसएटी परीक्षेच्या आकलनप्रश्नांवरील एक अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात उतारा न दाखविता केवळ प्रश्न आणि पर्याय दिले असताही विद्यार्थ्यांनी निव्वळ दैवयोगाने येतील त्याहून स्पष्टपणे अधिक उत्तरे बरोबर दिली. आपली पत्रिका छापण्यापूर्वी उतारा झाकून ती एखाद्या सहकाऱ्यास सोडवावयास द्यावी, आणि जे प्रश्न त्यास सुटतील ते बेलाशक काढून टाकावेत. बाजारातील मार्गदर्शकांतले किती प्रश्न या कसोटीस उतरतील याविषयी आम्हांस दाट संशय आहे.

शिवाय कोणताही उतारा सर्वांस सारखाच अपरिचित नसतो. रेख्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 मध्ये दाखवून दिले, की बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन समजून घेण्यात, वाचनात कच्ची गणलेली पण खेळ जाणणारी मुले, वाचनात तरबेज पण खेळाविषयी अनभिज्ञ अशा मुलांच्या पुढे गेली. गोव्यातील खाजण शेतीवर, भरतीचे पाणी आवरणाऱ्या मानशीच्या दारांवर उतारा आला, तर तो तिसवाडीच्या मुलास जितका सुगम तितका यवतमाळच्या मुलास असणार नाही, आणि कपाशीच्या बोंडअळीवर आला तर उलट. यावर उपाय एकच, तो म्हणजे अकरावीच्या आरंभापासून नाना विषयांचे वाचन. फाल्गुनात त्याची भरपाई होत नाही.

पुढील अंकापासून आम्ही अशा चुकलेल्या उत्तरांचे सदर सुरू करीत आहोत. वाचक-शिक्षकांनी मूळ उतारा, प्रश्न, चुकलेले उत्तर आणि ते का निवडले याविषयी विद्यार्थ्याच्याच शब्दांतील खुलासा, एवढा मजकूर आमच्याकडे धाडावा. विद्यार्थ्याचे नाव कळवू नये. इयत्ता आणि माध्यम तेवढे लिहावे.