‘इंटरप्ट’चे कर्म

‘इंटरप्ट’ हे इंग्रजी क्रियापद बहुधा सकर्मक वापरले जाते आणि त्याचे कर्म त्याला लागूनच येते. मध्ये ‘इन’ किंवा ‘टू’ लागत नाही. कोणी बोलणाऱ्याला अडवले तर ‘ही इंटरप्टेड मी’, गोंगाटाने सभा थांबली तर ‘द नॉइज इंटरप्टेड द मीटिंग’. नियम एवढाच असूनही ‘डोन्ट इंटरप्ट इन माय वर्क’, ‘ही इंटरप्टेड टू मी’ अशी वाक्ये मराठी भाषकांच्या इंग्रजीत वारंवार भेटतात. त्याचा दोष विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणावर ढकलण्याची रीत आहे. खरा दोष शब्दार्थांच्या वहीत आहे. तिथे या क्रियापदासमोर ‘व्यत्यय आणणे’ असे लिहून दिलेले असते.

पूर्वपक्ष असा, की हा अर्थ बरोबर आहे, मग तक्रार कसली? अर्थ बरोबर आहे, पण वाक्यरचना वेगळी आहे, आणि वहीत रचनेबद्दल अक्षर नसते. ‘व्यत्यय आणणे’ यात ‘व्यत्यय’ हेच कर्म होऊन बसले आहे. जे मोडले जाते त्याला मराठीत सप्तमी घ्यावी लागते: कामात, बोलण्यात, झोपेत व्यत्यय. विद्यार्थी शब्द बदलतो, पण सप्तमीचा ‘त’ मागोमाग येतो आणि इंग्रजीत ‘इन’ होऊन बसतो. ‘अडथळा आणणे’, ‘खंड पाडणे’, ‘मध्ये तोंड घालणे’ या सगळ्यांची गत तीच.

याहून जवळचा प्रयोग मराठीत आधीपासून आहे: ‘मध्येच तोडणे’. ‘तिने त्याचे बोलणे मध्येच तोडले’ या वाक्यात बोलणे हे सरळ कर्म आहे, इंग्रजीत असते तसेच. लॅटिन मुळातही ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘रुम्पेरे’ म्हणजे तोडणे, तेव्हा ही ओढाताण नव्हे. यावर आक्षेप येऊ शकतो, की ‘त्याला तोडले’ म्हटले की ‘ला’ आला, आणि ‘ला’चा ‘टू’ होणारच. पण ‘मी त्याला पाहिले’ याचे इंग्रजी करताना ‘आय सॉ टू हिम’ असे सहसा कोणी लिहीत नाही. ‘सॉ’ला कर्म थेट लागते हे कानाला सवयीचे असते, ‘इंटरप्ट’ मात्र वहीतून आलेला असतो, कानातून नव्हे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे. भारतीय इंग्रजी ही आता स्वतंत्र बोली आहे, ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला, मग एका ‘इन’वरून एवढा कीस कशाला? ‘प्रीपोन’ने एक रिकामी जागा भरली, ‘पोस्टपोन’च्या उलट सांगायला सुटसुटीत शब्द नव्हता. ‘इंटरप्ट इन’ने काहीच भरले नाही, उलट एक भेद पुसला. ‘इंटरफिअर इन माय वर्क’ म्हणजे नको तिथे हात घालणे, ढवळाढवळ करणे. काम त्यामुळे थांबेलच असे नाही. ‘इंटरप्ट माय वर्क’ म्हणजे काम थांबवणे. त्यात ढवळाढवळ असेलच असे नाही, कुरिअरवाल्याने वाजवलेली घंटाही पुरते. ‘ही इंटरप्ट्स इन माय वर्क’ असे लेखी तक्रारीत आले, तर सहकारी लुडबुड करतो की वारंवार काम थांबवतो, हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे? बोलीचे स्वातंत्र्य मान्य, पण इथे त्याची किंमत अर्थाने मोजावी लागते.

आता ‘इन’ कुठेच चालत नाही असा उलटा नियम घोकणेही तितकेच चुकीचे. ‘ही इंटरप्टेड इन द मिडल ऑफ हर स्पीच’ हे निर्दोष वाक्य आहे. इथे क्रियापद अकर्मक आहे आणि ‘इन’ वेळ दाखवतो. ‘सॉरी टू इंटरप्ट’ हेही विनाकर्मच. नामाला तर ‘इन’ चालतोच: ‘ॲन इंटरप्शन इन द वॉटर सप्लाय’. कर्मणी प्रयोगात ‘बाय’ येतो: ‘द मॅच वॉज इंटरप्टेड बाय रेन’.

कर्म होण्याची पात्रता मात्र काटेकोर आहे. जे अखंड चालले आहे तेच मोडता येते: भाषण, झोप, वीजपुरवठा, किंवा मधल्या टेकडीने तुटलेली सपाटीसुद्धा. नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली तर ‘स्टॉप्ड’ म्हणावे, टेहळणी करून वाटेत गाठली तर ‘इंटरसेप्टेड’. ‘डिस्टर्ब’ने शांतता भंगते, काम थांबो वा न थांबो. मराठीत मात्र नेटपासून मनापर्यंत सगळेच ‘डिस्टर्ब’ होते. ते मराठीपुरते ठीक. इंग्रजीत ‘आय ॲम डिस्टर्ब्ड’ म्हटले तर ऐकणारा कामाची नव्हे, मनःस्थितीची चौकशी करील.

दोघे एकाच वेळी बोलले की ‘इंटरप्ट’ झाले, हाही समज टिकणारा नाही. संभाषणाचा अभ्यास करणारे डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांनी १९७५ सालच्या शोधनिबंधात बोलण्याची नुसती सरमिसळ आणि दुसऱ्याची पाळी हिसकावणे यांत फरक केला. ‘इंटरप्शन’ म्हटले ते या हिसकावण्याला. पुढे भाषावैज्ञानिक डेबोरा टॅनन यांनी दाखवले, की काही समाजांत मध्येच बोलणे हा रस घेतल्याचा पुरावा मानतात. मराठी घरात गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणाराच विचारतो, ‘झोपलास का?’ तो ‘हं, मग?’ सांगणाऱ्याच्या शब्दांवर पडतो, पण त्याला तोडत नाही. उलट लोकसभेच्या छापील इंग्रजी कामकाजात कंसात ‘इंटरप्शन्स’ येते, तेव्हा बोलणाऱ्याचे वाक्य बहुधा अर्ध्यावर लटकलेले असते.

शेवटचा समज असा, की ‘इंटरप्ट’ झालेले पुन्हा सुरू व्हायलाच हवे, नाहीतर शब्द चुकला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तो पटेल. ८०८५ या प्रोसेसरला पाच हार्डवेअर इंटरप्ट असतात. त्यातला एखादा स्वीकारला गेला, की प्रोसेसर परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवतो, मधले काम उरकतो आणि सोडल्या जागी परत येतो. पण हे यंत्राचे झाले. इंग्रज कवी कोलरिजने ‘कुब्ला खान’ ही कविता १८१६ साली छापली, तेव्हा प्रस्तावनेत सांगितले, की लिहिता लिहिता पोरलॉक गावचा एक माणूस कामासाठी आला, तासाभराहून अधिक वेळ मोडला आणि उरलेली कविता आठवलीच नाही. या प्रसंगाला ‘इंटरप्टेड’ म्हणण्यावाचून इंग्रजीला गत्यंतर नाही, आणि ती कविता अपुरीच राहिली.

म्हणजे क्रियापद फक्त तुटणे सांगते; पुढचे काय ते वेगळ्या शब्दाने सांगावे लागते. क्रिकेटच्या इंग्रजीत ही वाटणी चोख आहे. जेवणाची, चहाची ठरलेली सुट्टी ‘इंटर्व्हल’, तिला ‘इंटरप्शन’ म्हणत नाहीत. पावसाने खेळ थांबला तर ‘इंटरप्टेड’. आच्छादने निघून पंच परतले, की ‘प्ले रिझ्यूम्ड’. आणि मैदान सुकलेच नाही, तर ‘मॅच ॲबँडन्ड’.