जिंकलो आपण, हरला तो!

सामन्याआधीचा माणूस वेगळा आणि सामन्यानंतरचा माणूस वेगळा. हे आम्ही आमच्याच वस्तीत, आमच्याच डोळ्यांनी पाहिले. खरे सांगायचे तर त्या माणसांत आम्हीही होतो.

18 डिसेंबर 2022 चा रविवार होता. कतार देशात लुसैल येथे फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. समाजमंदिरातला टीव्ही पोरांनी दुपारीच पुसूनपासून ठेवला होता. सामना रात्री साडेआठचा, पण वादाला सकाळपासूनच तोंड फुटले होते. निम्मी पोरे मेस्सीची, निम्मी एम्बाप्पेची. एकाने वडापावची पैज लावली. दुसरा म्हणाला, "फ्रान्सनं मागचा कप जिंकलाय, आमची टीम कुणाला ऐकत नाय!" आमची टीम! ज्या पोराने कल्याणच्या पुढची गाडी पाहिली नाही, त्याची टीम फ्रान्स. आम्हाला गंमत वाटली. पण खेळाचे हेच तर मोठेपण आहे. तो दूरच्या माणसाला आपला करतो.

सामना तर असा झाला, की आयाबायाही चूल सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे. मग एम्बाप्पेने दीड-दोन मिनिटांत दोन गोल मारून बरोबरी केली. जादा वेळेत मेस्सीचा एक, पुन्हा एम्बाप्पेचा एक. तीन-तीन अशी बरोबरी, आणि मग पेनल्टीचे फटके. फ्रान्सच्या कोमानचा फटका गोलरक्षकाने अडवला, चुआमेनीचा बाहेर गेला. अर्जेंटिना 4-2 ने जिंकली.

तेव्हा फ्रान्सवाला तो पोरगा चिडून ओरडला, "त्या दोन काळ्यांनी घालवली राव मॅच!" सगळे हसले. आम्हीही हसलो.

दारात एक आजी नातवाला न्यायला येऊन उभ्या होत्या. त्यांना फुटबॉलमधले काही कळत नव्हते. पण त्यांनी शांतपणे विचारले, "का रे, मगापर्यंत तर ते तुमचेच होते ना? आत्ता लगेच काळे झाले व्हय?"

कुणीच बोलेना. आम्ही खाली मान घातली. कारण ज्या एम्बाप्पेने तीन गोल मारले, त्याचे वडील मूळचे आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाचे. त्याचाही रंग काही गोरा नाही. पण त्याचे गोल झाले 'फ्रान्सचे' आणि चुकलेले फटके झाले 'काळ्यांचे'. हा हिशेब कुठला? दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या, की कोमान आणि चुआमेनी यांना त्यांच्या रंगावरून इंटरनेटवर घाणेरड्या शिव्या दिल्या जात आहेत. म्हणजे जे हजारो मैलांवर चालले होते, तेच आमच्या समाजमंदिरात चालले होते. दीडच वर्षापूर्वी, जुलै 2021 मध्ये, युरोपच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साका या तीन काळ्या तरुणांच्या पेनल्टी हुकल्या, तेव्हाही हेच झाले होते.

वाचकहो, म्हणूनच आज तुम्हाला एका जुन्या सामन्याची हकिगत सांगणार आहोत. ती प्रत्येक घरात पोरांना सांगण्याजोगी आहे.

साल 1950. आपल्या देशात संविधान लागू झाले तेच वर्ष. त्या वर्षी फुटबॉलचा विश्वचषक ब्राझीलमध्ये होता. त्यात भारतालाही जागा मिळाली होती, पण आपला संघ गेला नाही. रिओ द जानेरो शहरात या स्पर्धेसाठी माराकाना नावाचे प्रचंड मैदान बांधले होते. शेवटचा सामना 16 जुलैला, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. त्या वर्षी आजच्यासारखी अंतिम फेरी नव्हती. चार संघ एकमेकांशी खेळणार आणि ज्याचे गुण जास्त तो जगज्जेता. ब्राझीलने स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असे लोळवले होते. उरुग्वेची स्पेनशी बरोबरी झाली होती आणि स्वीडनला त्यांनी कसेबसे हरवले होते. म्हणजे ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती.

मग रिओच्या रस्त्यांत, दुकानांत, दारूच्या गुत्त्यांत काय चर्चा असणार? जिंकणार की नाही, ही चर्चाच नव्हती. किती गोलांनी जिंकणार, एवढाच वाद होता. एका वर्तमानपत्राने तर संघाचा फोटो छापून 'हेच जगज्जेते' असे आधीच जाहीर करून टाकले. विजयाचे गाणे तयार होते. सामना सुरू होण्यापूर्वी शहराच्या महापौरांनी मैदानावर भाषण ठोकले आणि खेळाडूंना काही तासांत होणारे जगज्जेते म्हणून सलाम केला. खरे तर सावध व्हायला कारण होते. त्याच वर्षी मे महिन्यात याच उरुग्वेने ब्राझीलला 4-3 असे हरवले होते. पण उत्साहाच्या भरात असली आठवण कोण ठेवतो?

त्या दिवशी तिकीट काढून आत गेलेली माणसे होती 1,73,850. फुकट घुसलेली धरली तर आकडा दोन लाखांच्या आसपास जातो असे सांगतात. दुसरा डाव सुरू होताच ब्राझीलच्या फ्रियासाने गोल मारला. मैदान दणाणून गेले. तेव्हा उरुग्वेचा कप्तान ओब्दुलियो वारेला याने चेंडू काखेत मारला आणि पंचाकडे जाऊन तो ऑफसाइडचा वाद घालत बसला. गोल रद्द होणार नाही, हे त्यालाही ठाऊक असावे. पण तेवढ्या वेळात लोकांचा जोश थंडावला आणि आपली पोरे सावरली.

हा वारेला कोण? गरिबीत वाढलेला, लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकलेला, आफ्रिकी वंशाचे रक्त अंगात असलेला माणूस. उरुग्वेच्या खेळाडूंनी 1948 मध्ये मोठा संप केला, त्याच्या पुढाऱ्यांपैकी हा एक. लोक त्याला 'काळा नायक' म्हणत.

सहासष्टाव्या मिनिटाला उरुग्वेच्या गिज्जियाने उजव्या बाजूने मुसंडी मारून चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोने गोल केला. बरोबरी झाली. तरीही कप ब्राझीलचाच होता. एकोणऐंशीव्या मिनिटाला गिज्जिया पुन्हा त्याच बाजूने घुसला. बचावपटू बिगोदे मागे पडला. मदतीला जायला हवा होता तो जुवेनाल पोहोचला नाही. गोलरक्षक मोआसिर बार्बोसाला वाटले, मघासारखाच आताही चेंडू मध्ये देणार. म्हणून तो पाऊलभर पुढे सरकला. गिज्जियाने तेवढ्याच फटीतून, खांब आणि गोलरक्षक यांच्या मधून, चेंडू आत मारला. उरुग्वे 2, ब्राझील 1. जवळजवळ दोन लाख माणसांचे मैदान एकदम चिडीचूप झाले.

मग सुरू झाली सामन्यानंतरची चर्चा. ती पन्नास वर्षे संपली नाही.

आता विचार करा. ब्राझीलने उरलेल्या दहा-अकरा मिनिटांत एक गोल केला असता तरी भागले असते. आघाडीचे खेळाडू कमी पडले, प्रशिक्षकाचा डाव चुकला, पुढाऱ्यांनी आधीच सत्कार करून संघाच्या डोक्यात हवा भरली. दोष वाटायचाच तर सगळ्यांत वाटता आला असता. पण बोट गेले ते बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल या तिघांकडे. तिघेही काळे. बिगोदेला वारेलाने थोबाडीत मारली आणि तो गप्प बसला, अशी अफवा पसरली. दोघांनीही ती खोटी म्हणून सांगितले, पण ऐकतो कोण? काळ्या माणसाच्या अंगात मोक्याच्या वेळी दम नसतो, असे लोक बोलू लागले. ज्या संघाने हरवले त्याचा कप्तानच काळा म्हणून ओळखला जाणारा माणूस होता, हे उघड्या डोळ्यांना दिसत असूनही!

हे आकाशातून पडले नव्हते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1888 साली. फुटबॉल तिथे सुरुवातीला बड्या घरच्या पोरांचा खेळ होता. बार्बोसा ज्या वास्को द गामा क्लबकडून खेळायचा, त्या क्लबने काळ्या, मजूर, गरीब पोरांना घेऊन 1923 मध्ये रिओची स्पर्धा जिंकली. तेव्हा बड्या क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि अट घातली, की यायचे तर आपले बारा खेळाडू काढा. त्यांचा कामधंदा हलका आणि शिक्षण अपुरे, हे कारण! वास्कोच्या अध्यक्षांनी 1924 मध्ये पत्र लिहून ही अट साफ नाकारली. आपल्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. बाहेर ठेवण्याची भाषा देशोदेशी वेगळी असते, मतलब एकच असतो.

बार्बोसा हातमोजे न घालता खेळायचा. बोटे मोडली तरी खेळायचा. त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांत त्याची गणना होती. पण 1950 नंतर देशाच्या संघात त्याला फक्त एकदा, 1953 मध्ये, संधी मिळाली. पुढे पोटासाठी त्याने नोकरी केली तीही त्याच माराकानाच्या आवारात. एकदा दुकानात एका बाईने त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या लहान मुलाला सांगितले, की सगळ्या ब्राझीलला रडवले तो हाच माणूस. सामन्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. ही आठवण बार्बोसानेच सांगून ठेवली आहे. 1993 मध्ये तो देशाच्या संघाला भेटायला सराव शिबिरात गेला, तर अपशकुन नको म्हणून त्याला आत घेतले नाही. माणसाच्या सावलीचा विटाळ आपल्या आजा-पणजांनी भोगला आहे. तो फुटबॉलच्या मैदानावरही असतो, हे वाचून आमच्या अंगावर काटा आला.

बार्बोसा 7 एप्रिल 2000 रोजी वारला. आपल्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, पण मी न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा पन्नास वर्षे भोगतो आहे, असे तो शेवटी म्हणत असे. त्याच्यानंतर विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून काळा माणूस उभा राहिला तो 2006 मध्ये. त्याचे नाव दीदा. मधे छप्पन वर्षे गेली. त्याच काळात पेलेसारख्या काळ्या खेळाडूंनी ब्राझीलला जगज्जेते केले. गोल मारणारा काळा चालत होता, गोल राखणारा काळा चालत नव्हता. कारण गोल राखणाऱ्यावर विश्वास टाकावा लागतो.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सामना जिंकल्यावर वारेला रिओच्या गुत्त्यांत गेला आणि रडणाऱ्या ब्राझीलवाल्यांसोबत पीत बसला. त्यांचे दुःख पाहून त्याला आपल्या विजयाचे वाईट वाटले, असे त्याने पुढे सांगितले. हरलेल्यांच्या दुःखात जिंकणारा सामील झाला, पण हरलेल्यांनी आपल्याच माणसाला मात्र वाळीत टाकले.

आम्ही कारकून माणसे. आयुष्य जमा-नावे लिहिण्यात गेले. म्हणून आम्हाला हा हिशेब नीट दिसतो. यश आले की ते सगळ्यांच्या खाती जमा आणि अपयश आले की ते एकाच्या नावे. आणि तो एक कोण, हे आधीच ठरलेले. कचेरीत फाईल हरवली की संशय आधी शिपायावर. घरात पैसे सापडले नाहीत की आधी कामवालीच्या पिशवीत हात. आपला एखादा मुलगा नापास झाला की 'यांचे असेच'. आणि पास झाला की तो 'अपवाद'. हे आपल्याला टोचते. टोचलेच पाहिजे. पण तोच हिशेब आपली पोरे दुसऱ्याच्या नावे लिहू लागली आणि आपण हसलो, तर आपल्याला टोचण्याचा अधिकार तरी काय राहिला?

पुढच्या रविवारी समाजमंदिरात आम्ही पोरांना बसवून ही सगळी हकिगत सांगितली. आम्हीही हसलो होतो, तेही कबूल केले. तो फ्रान्सवाला पोरगा वस्तीच्या संघात गोलरक्षकच आहे. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मग त्याला शेवटपर्यंत कुणी माफ नाही केलं?"

आम्ही म्हणालो, "बाळा, माफी गुन्ह्याची असते. त्याचा चुकला तो अंदाज होता. तुझाही उद्या चुकेल."

मायबापहो, सामना जरूर बघा. पैजा लावा, भांडा, घसा बसेपर्यंत ओरडा. फटका चुकला तर चुकला म्हणा, खेळाडूच्या खेळाला नावे ठेवा, त्याच्या रंगाला आणि जन्माला नको. आपल्या पोरांचा सामना असेल तेव्हा हरल्यावर आधी गोलरक्षकाजवळ जा, त्याच्या खांद्यावर हात ठेवा. सामन्याआधी ज्याला 'आपला' म्हटले, तो सामन्यानंतरही आपलाच राहिला पाहिजे. त्या आजींना फुटबॉल कळत नव्हता, पण एवढे कळत होते.