बायकामुलांसह व्हिजिटवर गेलेला माणूस तुमच्या कायद्यात कुठे बसतो?

प्रति,
प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स,
परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

‘नोकरीसाठी व्हिजिट व्हिसावर जाऊ नका’ ही तुमची सूचना आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. राजिवड्यापासून दाभोळपर्यंत आणि खेडपासून मंडणगडपर्यंत ज्याच्या घरातले कोणी आखातात आहे, त्याने ती वाचली आहे. तरीही माणसे व्हिजिटवरच जातात, आणि आता बायकामुले घेऊन जातात. आतापर्यंत बंद पाकिटातून लिहून पाहिले. त्याचे पुढे काय झाले हे कुठल्याच कचेरीने कळवले नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

रत्नागिरी जिल्ह्याची परिस्थिती तुम्हाला नव्याने सांगायला नको. 2001 मध्ये इथली लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 च्या जनगणनेत ती 16,15,069 झाली. दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. याचा अर्थ एवढाच की कमावता पुरुष जिल्ह्यात राहत नाही. एका पिढीने मुंबई गाठली, दुसरीने दुबई, मस्कत, कुवेत. मनिऑर्डरीवर घर चालवणे म्हणजे काय, ते इथल्या बायकांनी दोन्ही पिढ्यांत भोगले. आजच्या तरुण जोडप्यांना तसे जगायचे नाही. नवरा-बायकोने आणि मुलांनी एका छपराखाली राहावे ही त्यांची मागणी आहे. तिच्यात गैर काही नाही.

मग माणसे व्हिजिटवर जातात ती कशी? एजंट सांगतो, ‘एम्प्लॉयमेंटला वेळ लागेल, आधी व्हिजिटवर जा, तिकडे नोकरी बघ, स्टेटस चेंज करून देतो.’ नोंदणीकृत एजंटाने घ्यायची कमाल फी तुम्हीच 30,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये ठरवली आहे. आमच्याकडे लाख-दीड लाख मोजले जातात आणि पावती कोणी देत नाही. नशीब बरे असेल तर मुदतीच्या आत नोकरी लागते, व्हिसा बदलून मिळतो. ज्यांचे असे जमले त्यांचीच गोष्ट गावात फिरते आणि पुढचा मुलगा पैशांची जुळवाजुळव सुरू करतो.

आता कुटुंबाचा हिशोब मांडतो, कारण माझी तक्रार तिथेच आहे. संयुक्त अरब अमिरातीत बायकामुलांना रहिवासी व्हिसावर आणायचे तर महिन्याला 4,000 दिरहॅम पगार लागतो, किंवा 3,000 आणि राहण्याची सोय. आमच्या मुलाला दुकानात, गोदामात किंवा साईटवर 2,000-2,200 दिरहॅमची नोकरी लागते. तो बायकोला आणि दोन मुलांना आणतो ते व्हिजिटवरच. मुदत संपली की पैसे भरून वाढवायची, नाहीतर देशाबाहेर जाऊन परत यायचे. शाळा रहिवासी ओळखपत्र मागते, म्हणून मुले घरी बसतात. एखाद्या महिन्यात पगार थकला की मुदत हुकते. दंड माणशी रोज 50 दिरहॅम. तिघांचे रोजचे 150, महिन्याचे 4,500 दिरहॅम. दिरहॅमला 23 रुपये धरले तर 1,03,500 रुपये झाले. महिन्याचा दंड त्याच्या दोन पगारांहून जास्त. दुसऱ्या महिन्यात तो दंड फेडण्याचा विचार सोडतो आणि लपून राहायला लागतो. मग सगळे घर माफीची वाट पाहत बसते. अमिरातीने 2018 मध्ये अशी माफी दिली, नंतर 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2024 या काळात पुन्हा दिली. आमच्या मुलांच्या शिक्षणाचे वेळापत्रक दुसऱ्या देशाच्या माफीवर ठरावे, हे तुम्हाला मान्य आहे का?

माझ्या नात्यातले एक कुटुंब असेच गेले. परतले तेव्हा मुलीचे शाळेचे वर्ष बुडाले होते, दागिने गहाण होते आणि ज्याने पाठवले तो एजंट फोन उचलत नव्हता. अशी घरे आमच्या पंचक्रोशीत आणखीही आहेत. ती बोलत नाहीत, कारण आपणच गुन्हेगार आहोत असे त्यांना वाटते.

तसे वाटण्याला तुमचा कायदाच जबाबदार आहे. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याचे कलम 2 काढून पाहा. नोकरी धरण्याच्या हेतूने, करार असो वा नसो, जो देश सोडतो त्याचे जाणे म्हणजे ‘एमिग्रेशन’. निकष हेतूचा आहे, व्हिसाच्या प्रकाराचा नाही. म्हणजे ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी तुमची परवानगी लागणाऱ्या, पासपोर्टवर व्हिजिटने निघालेला आमचा मुलगा कायद्याने तुमच्याच कक्षेत येतो. प्रत्यक्षात त्याच्या हातात व्हिजिट व्हिसा दिसला की तो पर्यटक ठरतो आणि तुमचे काम संपते. त्याच कलमातल्या ‘एमिग्रंट’च्या व्याख्येत पुढे लिहिले आहे की त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे, ती सोबत जावोत किंवा मागाहून, ‘एमिग्रंट’ नव्हेत. बायको आणि मुले कायद्यानेच वगळली. ज्या खात्याच्या नावात संरक्षण आहे, त्याच्या कायद्यात कुटुंबाला जागा नाही. 40 वर्षे उलटून गेली, ही व्याख्या कोणाला खटकली नाही?

शिक्षेचे कलम 24 पाहा. नोंदणी नसताना भरती करणाऱ्या एजंटाला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड जास्तीत जास्त 2,000 रुपये. एका माणसामागे लाख रुपये घेणाऱ्याला 2,000 रुपयांची भीती कशी वाटावी? आणि परवानगीशिवाय गेलेल्या मजुरालाही हेच कलम, हीच शिक्षा. फसवणारा आणि फसलेला एका ओळीत उभे केले, तर फसलेला तक्रार घेऊन पुढे येईल कसा? बेकायदा एजंटांची 3,000 हून अधिक नावे तुम्ही तुमच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकली आहेत. त्यांतले किती तुरुंगात गेले, हेही तिथेच छापा.

विम्याचेही तेच. प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये भरले की अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाखांचे संरक्षण मिळते. परवानगीची फी 200 रुपये. म्हणजे 475 रुपयांत माणूस दोन वर्षे सुरक्षित राहतो. व्हिजिटवर जाऊन तिकडे रीतसर वर्क व्हिसा मिळवलेला माणूस तीच कामे करतो, त्याच परांचीवर चढतो. पण विमा परवानगीच्या कागदाला जोडलेला आणि तो कागद त्याच्याकडे नाही. तो पडला तर बायकोच्या हाती काय येणार?

तुमच्याच आकड्यांनी 2014 मध्ये सुमारे 8 लाख परवानग्या दिल्या गेल्या, 2023 मध्ये 4 लाखांच्या आत. तेलाचे भाव पडले, परवानगी न लागणारे दहावी पास वाढले, ही कारणे खरी आहेत. पण व्हिजिटच्या वाटेने किती जण कामाला लागले, याचा आकडा तुम्ही कधी दिलात? 2018 च्या नोव्हेंबरमध्ये परवानगी लागणाऱ्या 18 देशांत नोकरीला जाणाऱ्या दहावी पास लोकांनाही नोंदणी सक्तीची केलीत आणि त्याच महिन्यात ती स्थगित केलीत. जानेवारी 2022 ते मे 2024 या काळात कंबोडिया, थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम इथे व्हिजिटवर गेलेल्यांपैकी 29,466 जण परतले नव्हते, ही नोंद सरकारचीच आहे. त्यांत 20 ते 39 वयाचे निम्म्याहून अधिक होते. सायबर गुन्हेगारांच्या कोठड्यांत माणसे अडकल्यावर ही मोजणी झाली. आखाताची मोजणी करण्यासाठी तुम्ही कशाची वाट पाहता आहात?

नव्या कायद्याचा मसुदा 2019 मध्ये आला, 2021 मध्ये दुसरा आला, 2025 मध्ये तिसरा. प्रत्येक वेळी हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. आता सूचना नकोत, निर्णय हवा.

मागण्या साध्या आहेत. परदेशात व्हिजिटचा वर्क व्हिसा झाला की दूतावासात किंवा ई-मायग्रेटवर नोंद करता यावी, त्यासाठी शिक्षेची भीती नसावी आणि विमा त्या दिवसापासून लागू व्हावा. अवलंबून असलेल्या कुटुंबाला कायद्याच्या व्याख्येत घ्यावे. मजुराला शिक्षेच्या कलमातून वगळून एजंटाचा दंड त्याने उकळलेल्या रकमेच्या पटीत असावा. पासपोर्टचा अर्ज जिल्ह्यातल्या पोस्टात होतो, पण तुमच्या खात्याकडे जायचे तर मुंबईत बीकेसीतले विदेश भवन गाठावे लागते. म्हणून रत्नागिरीत तुमचा एक माणूस बसवा. जाण्याआधी पगाराची अट, दंडाचा दर, शाळेचे नियम आमच्या मुलींना आणि सुनांनाही समजावून सांगेल असा. केरळने 1996 मध्ये परदेशस्थांसाठी स्वतंत्र खाते उघडले आणि पुढे त्या खात्याच्या नॉर्का रूट्स या संस्थेमार्फत हे काम केले. म्हणजे ते अशक्य नाही.

आमची माणसे जाणार आहेत. सूचना काढून ती थांबली नाहीत आणि थांबणारही नाहीत. ती तुमच्या नोंदीत येऊन, विमा घेऊन, बायकामुलांसह कायद्याने जाणार की एजंटाच्या शब्दावर, हे मात्र तुमच्या हातात आहे. उत्तर लेखी द्या आणि उघड द्या. हा प्रश्न माझ्या एका घराचा नाही.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक नागरिक