तळ्याकाठची रात्र कुणाची?

बायकांच्या गटांनी सहलींवर पैसे खर्च करावेत का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. शिबिर म्हटलं की शाळेचा हॉल नाहीतर एखादं मंगल कार्यालय, सतरंज्या, फळा, गटचर्चा, दुपारी झुणका-भाकरी. त्याऐवजी कुणी ‘यंदा हिमालयात जाऊन तंबूत राहू या’ म्हटलं की निम्म्या जणी गप्प होतात आणि उरलेल्यांतली एक तरी म्हणतेच, “ही चैन झाली. वस्तीतल्या बायकांना काय सांगणार आपण?” माझ्या मते ही चैन नाही. मात्र ती चैन ठरू नये म्हणून काही अटी पाळाव्या लागतात, आणि हक्कांबद्दल एरवी इतकं बोलणाऱ्या आपण त्या अटी डोंगर चढताना खालीच ठेवून जातो.

उदाहरणाला देवरियाताल घेते. आमच्या गटातल्या अकरा जणी ऑक्टोबरात तिथे दोन रात्री राहिलो. उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात उखीमठच्या पुढे सारी नावाचं गाव आहे. गावातून तीनेक किलोमीटर खडी चढण चढलं की सुमारे २४०० मीटर उंचीवर, बांज आणि बुरांशच्या जंगलात हे तळं लागतं. बांज म्हणजे तिकडचा ओक; बुरांशला वसंतात लालभडक फुलं येतात. सकाळी वारा पडलेला असला तर ७१३८ मीटर उंचीचा चौखंभा पाण्यात उलटा उभा दिसतो. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते हेच तळं, असं तिथले लोक सांगतात. पाणी आणायला बाईऐवजी पुरुष गेल्याची आपल्या पुराणांतली ही विरळा गोष्ट, आणि तिच्यातही पाचांपैकी चौघे काठावरच आडवे झाले!

आधी चैनीचा मुद्दा. ‘रात्र आमचीही आहे’ म्हणत आपण मशाली घेऊन रस्त्यावर उतरलो आहोत. पण ती शहरातली रात्र होती, घोषणांची, दोन-तीन तासांची. काहीही न करता, कुणाची वाट न पाहता, कुणाला वाढायचं न ठेवता उघड्या आभाळाखाली अख्खी रात्र काढणं बहुतेक बायकांच्या आयुष्यात एकदाही घडत नाही. आमच्यातल्या एकीने, ती आता सत्तावन्न वर्षांची आहे, घराबाहेर काढलेल्या रात्री बोटांवर मोजल्या. दोन बाळंतपणं, सासऱ्यांचं ऑपरेशन, लग्नघरं आणि आपली शिबिरं. शिबिरांतही दार आतून लावून कडी तपासून झोपणं असतंच. तंबूला कडी नसते. पहिल्या रात्री तिला झोप लागली नाही, दुसऱ्या रात्री ती साडेनऊला घोरायला लागली. त्या घोरण्याला मी चळवळीचं काम म्हणते. वस्तीतल्या बाईला हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तिला हे मिळत नाही याचा संकोच वाटतो आणि म्हणूनच गटाच्या अंदाजपत्रकात तिच्या प्रवासखर्चाची वेगळी ओळ हवी.

आता अटींकडे. पहिली संडासाची. हसू नका, बाईचं कॅम्पिंग इथेच घडतं नाहीतर बिघडतं. तळ्याकाठचा संडास म्हणजे खणलेला खड्डा, भोवती कापडाचा आडोसा, शेजारी मातीचा ढीग आणि एक फावडं. सोय वाईट नाही. पण तो तंबूपासून लांब, वाट अंधारी, थंडी हाडं गोठवणारी, आणि जंगलात अस्वल असतं हे दुपारीच कुणीतरी सांगून ठेवलेलं. मग बाया काय करतात? दुपारी चारपासून पाणी पिणं बंद. आपल्याला ही युक्ती नवी नाही. एसटीच्या प्रवासात, मोर्चाच्या दिवशी, संडास नसलेल्या कार्यालयात आपण जन्मभर हेच करत आलो आहोत. पण उंचावरच्या कोरड्या, थंड हवेत, चढण चढून आल्यावर शरीराला पाणी जास्त लागतं. ते न मिळाल्याने डोकं ठणकतं, मळमळतं, पायांत गोळे येतात. दुसऱ्या दिवशी बाई मागे पडते आणि म्हटलं जातं, “लेडीजना उंची सोसत नाही.” खापर उंचीवर फुटतं, आणि खरं कारण त्या अंधाऱ्या वाटेवर असतं.

म्हणून तंबू ठरवताना आम्ही आधी विचारलं ते संडास किती, कुठे आणि वाटेवर दिवा आहे का हे. खड्डा पाण्यापासून निदान साठ मीटर लांब आणि पाण्याकडे उतार नसलेल्या जागी हवा. रात्री जायचं तर दोघींनी मिळून, बॅटरी घेऊन, हा नियम आम्ही पहिल्याच संध्याकाळी ठरवला आणि कुणालाही उठवायला लाजायचं नाही हेही ठरवलं. पाळीचं बोलायचं तर ‘जाळून टाका’ हा सल्ला ऐकू नये. पॅडमधलं प्लॅस्टिक धड जळत नाही, अर्धवट काळे गोळे बांजाच्या मुळाशी पडून राहतात. वापरलेलं सगळं कागदात गुंडाळून, घट्ट पिशवीत घालून खाली आणायचं. आमच्यातल्या तिघींनी तसं आणलं आणि काही बिघडलं नाही. कापड वापरणाऱ्यांनी बादलीत पाणी काढून तळ्यापासून दूर धुवावं. तेच पाणी पुढे कुणी तरी पितं, निदान गुरं पितात.

स्वयंपाकाचं गंमतशीर असतं. तंबूवाल्यांचा स्वयंपाकी जवळजवळ नेहमी पुरुष. या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, कुकर लागतो. हे सगळं तो सफाईने करतो आणि त्याची मजुरी घेतो. घ्यायलाच हवी. फक्त तेच काम खाली गावात बाई करते तेव्हा त्याला मजुरी नसते. आणि स्त्री-पुरुष मिळून गेलेल्या ग्रुपात स्वयंपाकी नसला तर कांदा कोण चिरतं, हे मी लिहायला नको.

पण खरा प्रश्न खालच्या गावातल्या बायकांचा आहे. सकाळी आम्ही चहाचे पेले हातात घेऊन चौखंभा बघत बसलो होतो, तेव्हा जंगलाच्या वाटेने पाचसहा जणी आल्या. कमरेला विळे, खांद्यावर दोर. घटकाभर टेकल्या, गप्पा झाल्या. आम्ही दोन रात्री इथेच राहणार म्हटल्यावर एकीने विचारलं, “मग दीदी, तुमच्या घरी गुरं कोण बघतं?” आमच्या घरी गुरं नाहीत हे तिला चमत्कारिक वाटलं असावं. ती लग्न होऊन इथे आली त्याला वीस वर्षं झाली. गवताला, पाल्याला, लाकडाला या वाटेने शेकडो वेळा चढली. रात्री कधी राहिली? ती हसायलाच लागली. “रात्री इथे काय काम?”

जंगल त्यांना कामाची जागा म्हणून मिळालं आहे, तेही दिवसापुरतं आणि जपून. गवताला गेलेल्या बाईवर अस्वलाने किंवा बिबट्याने हल्ला केला ही बातमी तिकडच्या वर्तमानपत्रांत नवी नसते. आणि भीती जनावराचीच असते असंही नाही. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठजवळच्या हेलंग गावात चारा घेऊन येणाऱ्या बायकांना पोलिसांनी आणि केंद्रीय सुरक्षा दलाच्या जवानांनी अडवलं. चाऱ्याचा भारा ओढून घेतानाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पाठीवर तंबू असलेल्या आमच्यासारख्यांना कुणी अडवत नाही. आम्ही पावती फाडतो आणि ‘निसर्गप्रेमी’ ठरतो.

हा काही कोणताही मुलूख नाही. उखीमठहून चोपत्यावरून गोपेश्वरला उतरणाऱ्या रस्त्यावर मंडल गाव लागतं. १९७३ च्या एप्रिलमध्ये चिपकोची पहिली ठिणगी तिथे पडली. त्याच वर्षाअखेरीला इकडे मंदाकिनीच्या खोऱ्यात, फाटा-रामपूरच्या जंगलात लोकांनी कंपनीच्या माणसांना परतवलं. मार्च १९७४ मध्ये रेणीत गौरादेवी आणि गावातल्या बायका झाडांपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा गावातले पुरुष दुसरीकडे गेलेले होते. हे आपल्या प्रत्येक शिबिरात सांगून होतं. त्याहून कमी सांगितली जाते ती १९८० ची डुंगरी-पैंतोलीची गोष्ट. तिथे गावातल्या पुरुषांनीच बांजाचं जंगल सरकारी खात्याला द्यायचं कबूल केलं होतं. बदल्यात रस्ता, दवाखाना, वीज मिळणार होती. बायका म्हणाल्या, जंगल गेलं तर चारा-लाकडाला आणखी मैलोगणती चालायचं कुणी? त्यांनी विरोध केला, धमक्या सोसल्या आणि जंगल वाचवलं. मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण ‘गावाशी बोललो’ म्हणजे गावातल्या पुरुषांशी बोललो, ही आपलीही सवय आहे.

तंबूंच्या बाबतीत हेच होतं. आपण शहरातल्या ट्रेक कंपनीला पैसे भरतो, कंपनी गावातल्या एका माणसाला काम देते, तो गाइड, खेचरवाला आणि स्वयंपाकी ठरवतो. सगळे पुरुष. त्यांच्या पोटावर पाय आणावा असं मी म्हणत नाही. जून २०१३ च्या केदारनाथच्या प्रलयात या खोऱ्यातल्या कितीतरी घरांतले यात्रेच्या कामावर गेलेले पुरुष आणि शाळकरी पोरं परतली नाहीत. पण त्यानंतर घरं चालवली ती बायकांनी. त्या घरांपर्यंत तंबूचा पैसा पोचावा असं वाटत असेल तर तो कुणाच्या हातात पडतो हे विचारलंच पाहिजे.

ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ माळांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि तिथे जाणाऱ्यांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित ठेवायला सांगितलं. ट्रेकवाल्यांनी ओरड केली. मला निर्णय योग्य वाटतो. तिथे गवताला वाढायला वर्षातले मोजके महिने मिळतात. त्यावर शेकडो तंबूंच्या मेखा, चर आणि चुली पडल्या तर माळ सावरत नाही. त्या गवतावर कुणाची गुरं जगतात आणि ती कोण राखतं, हे वर आलंच आहे.

मात्र माळावरचा मुक्काम सुटला की पाहुणा गावातल्या घरात येतो. राज्याची होमस्टे योजनाही २०१८ चीच. कागदावर ही बायकांची संधी, आणि असूही शकते. पण पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवणं, गाद्या उन्हात घालणं, रात्री अकराला ‘आंटी, एक चाय’ पुरवणं हे गवताच्या भाऱ्यांवर आणखी एक ओझं झालं आणि नोंदणी, बँकखातं घरधन्याच्या नावावर राहिलं, तर आपण त्या बाईची रात्रही घेतली असंच म्हणावं लागेल. दिवस तर तिचा कधी नव्हताच.

तेव्हा जाणाऱ्या गटांना माझं सांगणं आहे की कंपनीला फोन करण्याआधी गावातल्या महिला मंगल दलाचा ठावठिकाणा शोधा. वेळ लागतो, पण सापडतो. जेवण, वाटाड्या, सामान, यांतलं जे काम त्यांना हवं असेल ते त्यांच्या दराने द्या आणि पैसे त्यांच्याच हातात किंवा खात्यात द्या. घासाघीस करू नका. चारशे रुपये वाचवून आपण बहिणाबाईचं नातं जोडतो, हे मला कधी पटलेलं नाही. तिच्या कामाचे फोटो काढताना विचारा. पाठीवर भारा असलेली बाई ‘पहाडी सौंदर्य’ म्हणून आपल्या भिंतीवर लावू नका. आणि गाणी म्हणा, पण स्पीकर नको.

एवढ्याने भागेल असं मला वाटत नव्हतं, म्हणून शेवटच्या दिवशी आम्ही त्याच बायकांना विचारलं: पुढच्या वर्षी आमच्याबरोबर एक रात्र तळ्याकाठी राहाल का? काम म्हणून नको, पाहुण्या म्हणून. आधी हशा झाला. मग हिशेब सुरू झाला. म्हैस संध्याकाळी कोण काढणार, म्हाताऱ्या सासूला औषध कोण देणार, दोन दिवसांचं गवत आधीच कापून ठेवावं लागेल, आणि नवरा काय म्हणेल. तिघी म्हणाल्या, येऊ. एकीने अट घातली की तिची मुलगी बरोबर येईल.

पुढच्या ऑक्टोबरचं नियोजन आता सुरू आहे. चार तंबू जास्त धरले आहेत. त्या दोन दिवसांच्या चाऱ्याचे आणि म्हशी काढणाऱ्या शेजारणीच्या मजुरीचे पैसे कुणी द्यायचे, यावर मात्र आमच्यात एकमत नाही. काही जणींना वाटतं, पाहुण्यांना पैसे देणं बरं दिसत नाही. माझं म्हणणं आहे की रेल्वेच्या तिकिटासारखा तोही प्रवासखर्चच आहे, आणि तो सगळ्यांच्या वर्गणीतून आधीच बाजूला काढावा.