नावाचा दर

नावात मालकी असते, हे गोदीत शिकायला वेळ लागत नाही. पेटीवर मार्का मारलेला असतो. माल कुणाचा, ते मार्का सांगतो. उचलणाऱ्याचं नाव पेटीवर कधीच नसतं. म्हणून "नावात काय ठेवलंय राव?" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

सुट्टी काढून नांदेड-लातूर फिरून आलो. चौकातलं बेट सोनाराचं. पोलिसाच्या बॅरिकेडवर क्लासची जाहिरात. लातुरात तर डॉक्टर घडवणाऱ्या सरांचे फोटो पोलिसापेक्षा मोठे. बसथांब्याच्या शेडवर सिमेंट ठळक, गावाचं नाव बारीक. बागेतल्या बाकावर 'सौजन्य'. जमीन पालिकेची, पालिका चालते आपल्या घरपट्टीवर, आणि सौजन्य शेटजीचं!

लोक म्हणतात, बसायला बाक मिळाला ना? मग नावानं तुमच्या पोटात का दुखतं?

दुखतं, दोस्तहो. कारण ह्याच मराठवाड्यात आपण एका नावाची किंमत मोजलीय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं. सुगावच्या जनार्दन मवाडेंना मारलं. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. तेही नामांतर नाही, नामविस्तार. सोळा वर्षं! आणि त्याच साली सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं. नांदेड-लातूरच्या पुढच्या पोरांच्या पदवीवर ते नाव आलंच नाही.

आता दुसरा दर ऐका. १८ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं दत्तक शाळा योजनेचा निर्णय काढला. कंपनीनं, देणगीदारानं सरकारी शाळा दत्तक घ्यायची. रोख नको, वस्तू आणि सेवा द्यायच्या. आणि ठरलेल्या रकमेएवढं दिलं की त्यानं सुचवलेलं नाव शाळेला तेवढ्या मुदतीपुरतं लागणार. अ आणि ब वर्गाच्या महापालिकेत पाच वर्षांना दोन कोटी. ड वर्गाच्या महापालिकेत, नगरपालिकेत, खेड्यात पन्नास लाख. दहा वर्षं हवी तर एक कोटी. नांदेड आणि लातूर ड वर्गात. म्हणजे इथंही आपला भाव चौथाई!

एका नावाला सोळा वर्षं आणि माणसांचे जीव. दुसऱ्या नावाला छापील दरपत्रक. ह्या दुसऱ्या नावापायी कुणाची झोपडी जाळल्याचं तुम्ही ऐकलंय? तेव्हा अस्मिता-अस्मिता म्हणून बोंबलणारे आता कुठं झोपलेत?

आणि ह्याला दान म्हणू नका. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचेत. त्याचे नियम तर असंही सांगतात की स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजन ह्यात धरायचं नाही. कायद्यानं द्यावाच लागतो त्या पैशाला उपकाराची पाटी कशाला?

गळक्या वर्गात पोरं भिजताहेत, पत्रे कुणीही टाकले तर काय बिघडलं, असं आईबाप म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पत्रे पाहिजेतच. पण ते टाकणं सरकारचं काम आहे, आणि पाटी लागली की सरकार हात झटकायला मोकळं. पाच वर्षांनी शेटजीचं मन उडालं तर पोरं कुणाच्या दारात जातील?

'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही. १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा सनातनी कोर्टात काय म्हणाले? तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे. दहा वर्षं खटला चालला आणि १९३७ ला मुंबई हायकोर्टात ते हरले. पुढं घटनेच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तळी, घाट, रस्ते आले. राज्याच्या पैशानं चालणारी किंवा जनतेसाठी राखलेली जागा सगळ्यांची, कुणाला जातीवरून अडवायचं नाही. आपला हक्क उभा आहे तो ह्या 'सगळ्यांची' शब्दावर. कुणाच्या मेहरबानीवर नाही. २०१८ ला लाल किल्ल्याची देखभाल एका सिमेंट कंपनीकडं पाच वर्षांसाठी दिली, तेव्हा देशभर ओरड झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी कोण ओरडणार? तिथं शिकतात आपलीच पोरं.

तर ओरडायचं आपणच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिलीय. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या वस्तीतल्या आयाबायांना त्या समितीत बसवा. शाळेला नाव लावायचा कागद आला तर वाचून दाखवायला लावा. पत्रे घ्या, संडास घ्या, नळ घ्या. पाटी परत पाठवा. आणि नावच द्यायचं असेल, तर टेंभुर्णीचं एक नाव आहे. त्याची किंमत १९७८ लाच मोजून झालीय.