संगणकाचा दाखला चौकटीत नको

दहावी-बारावीची परीक्षा संपली की चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, आलापल्ली इथली आपली मुले-मुली एमएस-सीआयटीला नाव घालतात. २००१ साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम साधारण तीन महिन्यांत संपतो. राज्य शासनाच्या अनेक पदांना तो लागतो, म्हणून पालक पदरमोड करून फी भरतात. ते योग्यच. पण पुढे दाखला चौकटीत जातो आणि मुलगा भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसतो. आमची तक्रार एवढीच आहे.

या वर्गात पत्र लिहिणे, एक्सेलमध्ये हिशेब मांडणे, इंटरनेट वापरणे शिकवतात. संगणकाला काम सांगणारा प्रोग्राम लिहिणे हे शास्त्र वेगळे. तीन महिन्यांत कोणी इंजिनिअर होत नाही. मात्र मुलाचा कल कळू शकतो.

तो दुकानातच पाहा. आरामशीनवाल्या बंधूंनी मुलाला सांगावे, गोल लाकडाची लांबी व गोलाई टाकली की एक्सेलमध्ये घनफूट आपोआप निघाले पाहिजे. गोलाईच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग, गुणिले लांबी, हे गणित आपल्याला तोंडपाठ आहे. गोलाई इंचात आणि लांबी फुटात असेल तर १४४ ने भागायचे. १० फूट लांब, ४८ इंच गोलाईचे लाकूड १० घनफूट भरते. मुलगा १४४ विसरला तर पडद्यावर १४४० येईल. येऊ द्या! लगेच रागावू नका.

आकडा पाहून तो चमकला आणि चूक शोधत बसला, तर त्याला अकरावीला गणितासह विज्ञान घेऊ द्या. चंद्रपूरला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेवढी ऐपत वा टक्केवारी नसेल तर आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' ट्रेडही आहे. उलट त्याला नीटनेटक्या जमाखर्चात रस वाटला, तर वाणिज्य शाखा आणि टॅली बरी. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. तेलंगणात ५० हजारांवरचा माल पाठवायचा तर सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते. हे काम आपण पैसे मोजून बाहेर करून घेतो, आणि घरात दाखलेवाला मुलगा रिकामा असतो.

मुलीलाही हाच हिशेब द्या. कित्येक घरांत तीच आधी बरोबर उत्तर काढेल, असा आमचा अंदाज आहे.

हे सारे निकालाआधीच्या सुट्टीत करावे. अकरावीचे अर्ज निकालानंतर लवकरच भरावे लागतात, आणि तिथे गणित सुटले की अभियांत्रिकीची वाट फार अवघड होते.