मानशीची पावणी आणि मत्स्यसंशोधन

शाश्वत मत्स्यशेतीवर चर्चासत्र भरले की दोन नावे हटकून ऐकू येतात : पिंजऱ्यातली चणक आणि परदेशी वनामी कोळंबी. खाजनाचा उल्लेख होतो तो 'आपला वारसा' म्हणून, जेवणाच्या सुट्टीआधी. आमचा आक्षेप इथेच आहे.

गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन आहे. मालकी आपल्यापैकी कित्येकांची, बांधाच्या चिखलात राबणारे हात बहुतेक दुसऱ्यांचे, हेही कबूल करू. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. आत येणाऱ्या मोजक्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्ले येतात, पोंयीत वाढतात. खाद्य नाही, औषध नाही. पावसाळ्यात शेजारच्या शेतात कोरगूट भात. 1990 च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने पूर्व किनाऱ्यावरची कोळंबीची तळी ओस पडली. 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरची अशी तळी हटवायला सांगितले, तेव्हा पारंपरिक पद्धती मात्र वगळल्या. न्यायालयाला दिसले ते आम्हाला का दिसू नये?

2023 च्या कायदादुरुस्तीने पिंजरे आणि शिंपल्यांची शेतीही नियमांच्या कक्षेत आली. ठीक. पण चणक मांसाहारी. गरिबाच्या ताटातले तारले दळून हॉटेलातली चणक पोसायची आणि त्याला शाश्वत म्हणायचे? शिनाण्याला खाद्य लागत नाही, ते पाणी गाळून जगते. केरळात कासारगोडच्या बायकांनी 1990 च्या दशकापासून खाडीत दोरांवर शिनाणी वाढवली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाने. मात्र पाणी गाळणारा जीव सांडपाण्यातले जंतूही साठवतो. म्हणजे शिनाणी हवीत तर मांडवी-झुवारीत सोडलेली गटारे आधी बंद करावी लागतील. पिंजऱ्याच्या अनुदानाचे फोटो काढणे त्यापेक्षा सोपे!

विद्वत्तेची वाण नाही. दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था 1966 पासूनची. जुन्या गोव्यातल्या कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी 'गोवा धान' वाण दिले. पण मानशीची पावणी जाते सर्वांत चढ्या बोलीला. बोली घेणारा जास्त कोळंबीच्या लोभाने भरतीलाही दारे उघडी ठेवतो, खारे पाणी शेतात शिरते, भात जातो, बांध फुटतो, आणि पडीक जमिनीवर बिल्डरची नजर जाते. आपण? पावणीचा वाटा घेतो आणि गप्प बसतो.

यापुढे प्रत्येक पावणीच्या करारात दारे केव्हा उघडायची ते लेखी असावे. शास्त्रज्ञांनी निदान एका मानशीवर वर्षभर पाण्याचा खारेपणा, कोळंबीची आणि भाताची नोंद ठेवावी, आणि ती गावच्या बैठकीत, आम्हाला कळेल अशा मराठीत वाचून दाखवावी. बैठकीला आपल्या घरातून कोण जाणार, ते आजच ठरवा.